गावंड्यांच्या बोटीवरचा चार्टप्लॉटर

गावंड्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांची बोट गोठ्यात होती. बैल बाहेर कडुनिंबाखाली बांधलेले आणि आत, शेणाच्या वासात, ट्रेलरवर ताडपत्री टाकलेली फायबरची बोट. ताडपत्रीवर कोंबड्या बसलेल्या. मागच्या आखजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, तिला कोणी हात लावला नव्हता.

घरात दोन चुली झाल्या होत्या. वाटणी झालेली नव्हती. एकाच घरात, मधल्या भिंतीच्या अलीकडे एक स्वयंपाक आणि पलीकडे दुसरा. थोरले माधवराव अलीकडे. पलीकडे शोभाताई, त्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे सुधाकररावांची बायको. सुधाकरराव मागच्या आखजीला धरणावर अपघातात गेले. तेव्हा बोट माधवराव चालवत होते. त्या दिवसापासून शोभाताई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. सुधाकररावांच्या दोन्ही मुली दोन्हीकडे जेवायच्या आणि कुठं काय शिजलं ते एकमेकींच्या कानात सांगायच्या. शेतात पेरायचे माधवराव, पण मजुरांची सगळी व्यवस्था सुधाकरराव बघायचे. ते गेल्यावर मजुरांना कोणी सांगायचं हेच घरात ठरेना, आणि पुढे त्या वर्षीची तूर वावरातच फुटून गेली.

मला बोलावलं होतं माधवरावांनी. ताडपत्री बाजूला सारून ते म्हणाले, "पोरी, याच्यावर मशीन लावून दे. सगळ्यात मोठी."

आधी माझं काम सांगते. मी बोटींवर इलेक्ट्रॉनिक्स बसवते. वाशीम जिल्ह्यात हे सांगितलं की लोक हसतात. समुद्र कुठं, वाशीम कुठं? पण विदर्भात धरणं आहेत, धरणांवर मासेमारीच्या, सर्व्हेच्या, सहलीच्या बोटी आहेत, आणि त्यांच्यावर यंत्रं लागतात. मी इंझोरीची. बाप वांगी, मेथी, कोथिंबीर लावतो आणि कारंजाच्या बाजारात विकतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाले, काही वर्षं मुंबईच्या गोदीत ट्रॉलरांवर चढून वायरी ओढल्या आणि मग नागपूरच्या एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागले. हे मी अभिमानानंच सांगते.

माधवरावांना हवा होता चार्टप्लॉटर. नाव जड आहे, वस्तू सोपी आहे. मोबाइलवर रस्त्याचा नकाशा बघतो तसा पाण्याचा नकाशा. जीपीएस सांगतं तुम्ही कुठं आहात आणि नकाशा सांगतो तुमच्या खाली किती पाणी आहे, पुढे खडक आहे का. त्यालाच सोनार जोडता येतो. बोटीच्या बुडाला एक डबी लावायची. ती पाण्यात आवाज सोडते, आवाज तळाला आपटून परत येतो, त्यावरून खोली कळते.

"कोणत्या कामासाठी पाहिजे?" मी विचारलं. ग्राहकाला हा प्रश्न पहिला विचारायचा असतो.

"आखजीले घागर भराले जावं लागते," माधवराव म्हणाले.

ते मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचं जुनं गाव या धरणात गेलं. (धरणाचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत.) गाव उठलं, घरं नव्या जागी झाली, पण गावंड्यांच्या आजोबांनी एक गोष्ट सोडली नाही. आखजीला पितरांची घागर भरायची ती जुन्या विहिरीच्या पाण्यानं. विहीर पाण्याखाली गेली, तर विहिरीच्या बरोबर वर जाऊन भरायची. आधी कोळ्यांच्या नावेतून जायचे. मग मुलांच्या सहलीसाठी म्हणून दोघा भावांनी ही बोट घेतली. रविवारी मुलं, हुरड्याच्या दिवसांत पाहुणे आणि आखजीला घागर. एका कोरड्या उन्हाळ्यात विहीर उघडी पडली होती, तेव्हा सुधाकररावांनी चालत जाऊन मोबाइलमध्ये तिची जागा मार्क करून ठेवली होती. तेव्हापासून मोबाइल समोर धरायचा आणि त्या ठिपक्यावर सरळ जायचं.

"विहिरीवर तर खोलच राह्यते ना, पोरी?" माधवराव म्हणाले. "बाकी ठिकाणी आमी जपून जावो. विहिरीवर आलं की बिनधास्त. तिथं कायले भ्यायचं?"

ही चूक मी दुसऱ्या कोणाकडून ऐकली नाही. समुद्रावरचा माणूस ती करणार नाही, कारण समुद्रात कोणाची विहीर नसते. मोटेच्या विहिरीला वर दोन दगडी खांब असतात. त्यांवर चाक बसवायचं आणि बैलांनी मोट ओढायची. सुधाकररावांनी जागा मार्क केली तेव्हा ते खांब पाहिलेच असणार. पण ते विहिरीचेच होते, म्हणून धोका म्हणून कोणाच्या डोक्यात राहिले नाहीत. आधीच्या आखज्यांना बोट खांबांवरून आरामात गेली. मागच्या वर्षी पाऊस कमी झालेला. पाणी उतरलेलं. इंजिनाचा खालचा भाग खांबाला अडकला, बोट आडवी झाली. सुधाकरराव घागर घेऊन वाकून उभे होते. लाइफ जॅकेट कोणाच्याच अंगात नव्हतं. ते पाण्यात पडले आणि डोकं दगडावर आपटलं.

"तवा चांगली मशीन असती तं तो वाचला असता," माधवराव बोटीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले. "म्हणून सांगून राह्यलो. पैशाकडं पाहू नको. मोठी आण."

तेव्हाच मला कळलं की हा माणूस यंत्र विकत घेत नाहीये.

मी नागपूरला बॉसला फोन केला. परिस्थिती सांगितली. म्हटलं, यांना बारा इंची स्क्रीन नको, सात इंची चालेल.

"मॅडम," बॉस म्हणाले, "गिऱ्हाईक स्वतःहून मोठा पीस मागून राह्यलं अन् तू त्याले छोटा दाखवून राह्यली? तुले पगार कोण देते, गावंडे का मी?"

"सर, बारा इंचीसोबत येणारे नकाशे समुद्राचे आहेत. आपल्या धरणाचा नकाशा कोणीच केलेला नाही. त्यात काहीच दिसणार नाही."

"दिसल नाही तं नको दिसू दे. लाव अन् ये."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही डेमो पीस घेऊन गेले. गावातल्या पोरांनी कोंबड्या उठवल्या, ट्रॅक्टरनं ट्रेलर ओढला, बोट धरणावर नेली. दिवाळी होऊन गेलेली, धरण भरलेलं. शोभाताई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर. मोठ्या दिरासमोर त्या पूर्वीही फार बोलत नसत, तशी रीतच आहे. आता तर त्यांच्याकडे बघतही नव्हत्या.

बारा इंची चालू केली. स्क्रीन सुरेख. रंग झकास. काठावर बोट पाण्यात तरंगत होती आणि स्क्रीनवर आमची बोट पिवळ्या कोरड्या जमिनीच्या मधोमध उभी होती. आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही.

"हे काय व्हय?" माधवराव म्हणाले. "आपून वावरात उभे हावो काय? पीस खराब आहे तुमचा."

"पीस चांगला आहे, काका. याला आपलं धरण माहीतच नाही. याच्यासाठी इथं जमीन आहे."

"मंग त्याले धरण शिकवा."

"तेच छोटीला शिकवता येतं."

मी समजावलं. सात इंचीचा सोनार दोन कामं करतो. बोट जिथून जाईल तिथली खोली मोजून आपला स्वतःचा नकाशा बनवतो. आणि तो नुसता खाली नाही, बाजूलाही बघतो, म्हणजे खांबांवर न जाता खांब दिसतात. मोठ्या मॉडेलला बाजूला बघणारा सोनार घ्यायचा तर वेगळा डबा, वेगळ्या वायरी. शिवाय मोठी स्क्रीन बॅटरी जास्त खाते. या बोटीची बॅटरी एकच आहे. पाण्यात मधोमध ती उतरली तर इंजिनही चालू होणार नाही.

माधवराव ऐकत होते, पण नजर बारा इंचीवर. "वायरी टाक. दुसरी बॅटरी टाक. मले मोठीच पाहिजे."

मी त्यांच्या वयाचा मान ठेवून बोलत होते. पण आता राहवलं नाही. "काका, मोठी कशाला पाहिजे ते तरी सांगा."

उत्तर दिलं ते शोभाताईंनी. बांधावरूनच.

"भाऊजी, मोठ्या मशीननं ते वापस येणार हायेत काय?"

माधवराव पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे मला पाठीमागून दिसत होते. मग वळून त्यांनी बारा इंचीचं बटण स्वतःच दाबून बंद केलं.

"छोटी लाव," ते म्हणाले.

मी बॉसला मेसेज केला: सात इंची फायनल. उत्तरात त्यांनी फक्त अंगठा पाठवला. तो अंगठा शाबासकीचा नव्हता.

यंत्र बसवणं सोपं. धरण शिकवणं जिकिरीचं. बोट सरळ रेषेत न्यायची, वळवायची, पहिल्या रेषेला चिकटून परत आणायची. तिफणीनं पेरताना वावरात तास, म्हणजे सरळ ओळी, टाकतात तसं. माधवराव यात पटाईत निघाले. आयुष्यभर तास टाकले, हात वाकडा जाईना. मी फक्त स्क्रीन बघत होते. एकेक ओळ झाली की पिवळ्या जमिनीवर निळा पट्टा उमटायचा. हळूहळू जुना नाला दिसायला लागला, मग जुनी गाडीवाट, मग घरांच्या चौथऱ्यांच्या रेघा. माधवराव हळू आवाजात सांगत होते, "हे पाटलाचं. हे आमच्या आत्याचं. इथं शाळा होती." मला गाव दिसत नव्हतं, मला अडथळे दिसत होते. कामाचं तसंच असतं.

विहिरीकडे जायचा दिवस आला तेव्हा शोभाताई म्हणाल्या, "मले यायचं हाय."

माधवरावांनी मान खाली घालून लाइफ जॅकेट पुढे केलं. त्यांच्या हातात न देता बोटीच्या फळीवर ठेवलं. शोभाताईंनी उचलून घातलं.

मी बोट विहिरीपासून लांब ठेवायला सांगितली. बाजूचा सोनार चालू केला. स्क्रीनवर तळ सरकत होता, मातकट, सपाट. मग एक गोल काळं भोक आलं. भोकाशेजारी दोन उजळ आखूड रेघा, आणि त्या रेघांमागे तळावर पडलेल्या दोन लांब काळ्या सावल्या. सोनारमध्ये उंच वस्तूची सावली पडते. सावली जितकी लांब, वस्तू तितकी उंच.

"हे दोन काय?" शोभाताईंनी विचारलं.

"खांब."

"कोणत्या खांबाले...?"

"ते मला नाही सांगता येणार, ताई."

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. एका रेघेवर, मग दुसरीवर. चित्र सरकून स्क्रीनबाहेर गेलं तरी बोट तिथंच होतं. माधवरावांनी इंजिन मोकळ्यावर टाकलं. त्यांच्या तोंडातून फक्त एवढं आलं, "खांब उभे होते. मी समजलो खोल आहे." शोभाताईंनी ऐकलं. त्या दिवशी बोटीतून उतरताना त्यांनी पहिल्यांदा माधवरावांकडे पाहिलं.

खरी अडचण पुढेच होती. त्या दिवशी खांबांच्या माथ्यावर दोन पुरुष, म्हणजे एकावर एक दोन माणसं बुडतील इतकं, पाणी होतं. म्हणजे काळजी नाही. पण धरण समुद्र नाही. समुद्राचं पाणी रोज चढतं, उतरतं आणि आपल्या जागी येतं. धरणाचं पाणी दिवाळीपासून नुसतं उतरत जातं. गहू-हरभऱ्याला सोडायचं, गावांना प्यायला सोडायचं, उरलेलं ऊन पितं. हिवाळ्यात केलेला नकाशा आखजीला खोटा असतो. यंत्र मात्र त्याच आत्मविश्वासानं तीच खोली दाखवत राहतं. म्हणून यंत्रात एक सोय असते. धरणाच्या भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी रंगवलेली असते. ती वाचायची, पातळी जितकी उतरली तितका आकडा यंत्रात टाकायचा, मग नकाशावरची सगळी खोली तितकी कमी होते.

आखजीच्या आदल्या दिवशी मी पट्टी वाचून आले आणि आकडा टाकला. खांबांच्या माथ्यावर गुडघाभरही पाणी उरत नव्हतं. यंदा धरण भरलं होतं, पण शेतीला पाणीही जास्त सोडलं होतं; पुन्हा मागच्या वर्षासारखंच.

मी विहिरीभोवती यंत्रात एक वर्तुळ आखलं आणि त्याला अलार्म लावला. उथळ पाण्याचा अलार्म वेगळा असतो, पण तो पाणी उथळ झाल्यावर वाजतो. खांब उभा असतो. त्याच्या एक हात अलीकडे पाणी खोलच असतं. अलार्म वाजेपर्यंत तुम्ही खांबावर असता. वर्तुळाचा अलार्म लांबूनच वाजतो.

"वर्तुळाच्या आत जायचं नाही," मी माधवरावांना सांगितलं.

"घागर विहिरीवरच भरावं लागते."

"नाही जमणार, काका."

"इंजिन बंद करतो. वल्ह्यानं जातो. हळूहळू."

"वाऱ्यानं बोट ढकलली तर वल्हं काय करेल?"

"अवो बाई, पहिलीच आखजी आहे त्याची!" माधवरावांचा आवाज चढला. माणूस गेल्यावरच्या पहिल्या आखजीला त्याच्या नावाची घागर पहिल्यांदा भरतात. "त्याच्या घागरीले दुसऱ्या जागेचं पाणी घालू? लोक काय म्हणतीन? तुले मशीन लावाले आणलं, आमचा धरम शिकवाले नाही."

"मग मशीन मी काढून नेते," मी म्हटलं. "पैसे परत. मी लावलेल्या मशीनकडे बघत तुम्ही खांबावर जाणार असाल तर ती मशीन तिथं नको."

हे बॉसला न विचारता बोलले. माधवराव उठून गेले. मी घरी जाऊन बापाला सांगितलं. बाप वांगी तोडत होता. म्हणाला, "बरोबर केलं. आता नोकरी गेली तं इथं टोपले भराले ये." एवढंच.

सकाळी माधवरावांचा फोन आला. "तू ये. बोटीत तू पाह्यजे." वर्तुळाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

सकाळपासूनच वारा होता. बोटीत माधवराव, त्यांची बायको, शोभाताई, दोन्ही मुली आणि मी. सगळ्यांच्या अंगात जॅकेट. नवी मातीची घागर शोभाताईंच्या मांडीवर. माधवराव स्क्रीन बघत चालवत होते, पण मला दिसत होतं की ते नाक विहिरीकडेच धरून आहेत. जुना नाला ओलांडला. चौथऱ्यांच्या रेघा गेल्या. मी हात यंत्राच्या वायरीजवळ ठेवला होता, पण वायर तोडून काही होणार नव्हतं. बोट त्यांच्या हातात होती.

अलार्म वाजला. कर्कश, थांबून थांबून. धाकटी मुलगी दचकून रडायला लागली.

माधवरावांनी वेग कमी केला, पण थांबवलं नाही. "अजून थोडं पुढं हाय," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, कळलं नाही.

"इथंच," शोभाताई म्हणाल्या.

"विहीर तिकडं आहे, शोभा."

"मले ठाऊक हाय कुठं आहे ते. पाहिली मी." त्या घागर घेऊन कडेला सरकल्या. "इथंच भरतो. धरणात काय आपल्या विहिरीचं पाणी वेगळं बांधून ठेवलं कोणी? थांबवा."

अलार्म वाजतच होता. माधवरावांनी इंजिन रिव्हर्सला टाकलं. बोट थरथरली, थांबली, वाऱ्यानं हळूहळू मागे सरकायला लागली. वर्तुळाबाहेर येताच अलार्म बंद झाला.

शोभाताई वाकल्या. बोट त्यांच्या बाजूला कलली. मोठा दीर भावजयीला हात लावत नाही. माधवराव दोन पावलं पुढे आले, थांबले, आणि मग त्यांनी शोभाताईंच्या जॅकेटच्या पाठीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. घागर भरेपर्यंत धरून ठेवला. त्या सरळ बसल्या तेव्हा सोडला. दोघांच्याही तोंडावर पाणी होतं. वारा होता, शिंतोडे उडत होते, त्यामुळे मी जास्त काही लिहीत नाही.

चुली एक झाल्या का, असं मला अनेक जण विचारतात. नाही झाल्या. मी पावसाळ्यात सर्व्हिसिंगला गेले तेव्हाही दोनच होत्या. फक्त शोभाताई आता माधवरावांना तुरीबद्दल विचारतात आणि ते सांगतात. बॉसनं नोकरीवरून काढलं नाही. "सात इंचीवाली मॅडम" एवढंच नाव ठेवलं. धरणांवरचे ग्राहक आता फोनवर माझंच नाव सांगतात, त्याचं काय करायचं ते अजून बॉसना सुचलेलं नाही.

चार्टप्लॉटर घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. स्क्रीन किती मोठी आहे ते शेवटी बघा. आधी विचारा की याला आपलं पाणी माहीत आहे का, आणि ते उतरलं की याला कळतं का. आणि यंत्र नको म्हणालं तर थांबणार कोण, ते बोटीत बसायच्या आधी ठरवा.

त्या आखजीला गावंड्यांची घागर भरली, आणि बोटीत जेवढी माणसं चढली होती तेवढी काठावर उतरली.